वणीत दुरुस्त होईल असा सर्व्हर

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-अद्यतने थांबवली आणि चांगले चालणारे असंख्य संगणक एका तारखेत ‘जुने’ ठरले. त्यांतल्या बऱ्याच संगणकांवर विंडोज ११ बसत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणीसारख्या तालुक्यातही सेवा केंद्रांत, शाळांत, फोटो स्टुडिओत, नोकरदारांच्या घरांत असे संगणक आणि लॅपटॉप आहेत. भंगारवाला त्यांचे फार काही देत नाही, आणि टाकवतही नाहीत. दुसरीकडे घराघरातले फोन भरलेले आहेत. लग्नाचे व्हिडिओ पेनड्राइव्हवर, जमिनीचे कागद व्हॉट्सॲपवर, मुलांचे फोटो तीन जुन्या मोबाइलमध्ये. हे सगळे एके जागी, घरातल्या वायफायवरून सगळ्यांना उघडता येईल असे ठेवायचे तर घरचा साठवण सर्व्हर लागतो. बाजारात तो तयार डब्याच्या रूपात मिळतो, आणि हाताशी पडलेल्या संगणकातून घरीही जुळवता येतो. संगणक घेताना आपण ‘असेंबल्ड की ब्रँडेड’ विचारतो, तोच हा प्रश्न. शहरातल्या जाणकारांत याची चर्चा किंमत आणि वेग यांवर होते. तालुक्याच्या गावी मात्र ती दुरुस्तीवर व्हायला हवी, आणि त्या कसोटीवर घरी जुळवलेला सर्व्हर सरस ठरतो. अट एकच, तो हौशी मंडळी जुळवतात तसा नसावा.

आधी साठवायचे काय ते पाहू, कारण त्यावरच पुढचे सगळे अवलंबून आहे. लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्याचे गणित सोपे आहे. फोर-के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिट या दराने घेतला तर तासाला ४५ जीबी होतात. पाच तासांचे चित्रीकरण म्हणजे सव्वादोनशे जीबी. एका हंगामात चार टीबीची डिस्क भरते. पण या तालुक्यात त्याहून मोलाचा ऐवज आकाराने अगदी लहान आहे. झरी जामणी हा आदिवासीबहुल तालुका. महाराष्ट्रात आदिम म्हणून नोंदलेल्या तीन जमातींपैकी कोलाम इथे राहतात, गोंड आणि परधान आहेत. अनुसूचित जमातीच्या वैधता प्रमाणपत्रासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा सर्वांत वजनदार मानला जातो, आणि २००० च्या जात पडताळणी कायद्याने दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकली आहे. म्हणजे आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमधला उतारा, कोतवाल बुकातली जन्मनोंद, जुनी महसुली नोंद. असा कागद एका नातवाने धडपड करून मिळवला की पुढे चुलत भावंडांनाही तोच लागतो, आणि तोवर तो कुणाच्या तरी बंद पडलेल्या फोनमध्ये अडकलेला असतो. स्कॅन म्हणजे मूळ कागद नव्हे, समिती मूळ मागणारच. पण कुठल्या शाळेच्या, कोणत्या वर्षाच्या, कितव्या पानावर नोंद आहे हे स्कॅनवर दिसते आणि मूळ पुन्हा काढता येते. वनहक्काच्या दाव्यांच्या कागदांचेही तसेच. हा ऐवज दोन-चार जीबीत मावतो, पण तो तीस वर्षे टिकला पाहिजे, आणि ज्याला संगणकातले काही कळत नाही अशा माणसाच्या हाती सहज लागला पाहिजे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की मग गूगलवर ठेवा, डिजिलॉकर आहे, घरात डबा कशाला? कागदांची एक प्रत इंटरनेटवर ठेवावीच, त्याला विरोध नाही. पण तेवढ्यावर भिस्त ठेवता येत नाही. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ ला संपली. आता फोटो, मेल आणि ड्राइव्ह मिळून १५ जीबी मोफत. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल पुसून टाकू शकते. फोन आणि नंबर दोन्ही बदलले, पासवर्ड कुणाला आठवत नाही, असे खाते घरोघरी सापडेल. डिजिलॉकरमध्ये स्वतः चढवलेल्या कागदांना १ जीबी जागा असते. ती सातबारा-आधारला पुरते, लग्नाच्या व्हिडिओला नाही. शिवाय डेटा वर चढवायचा कशावरून? रोज २ जीबी मिळणाऱ्या मोबाइल प्लॅनवर २ टीबी चढवायला हजार दिवस लागतील, तेही फोनवर दुसरे काहीच केले नाही तर. फायबर आलेले असेल आणि २० एमबीपीएसचा वेग अखंड मिळाला, तरी नऊ दिवस-रात्र लागतात. मोठा ऐवज घरातच राहणार, हे मान्य करून पुढे जाऊ.

तयार डब्याची बाजू कमकुवत नाही. सिनॉलॉजी, क्यूनॅप या तैवानी कंपन्यांचे डबे आकाराने मिठाईच्या मोठ्या डब्याएवढे, आवाज न करणारे, वीज कमी खाणारे. फोनवर त्यांचे ॲप असते, फोटो आपोआप डब्यात जातात, चेहऱ्यांनुसार लागतात. ज्याला वेळ नाही त्याने पैसे मोजावेत आणि मोकळे व्हावे, हा युक्तिवाद पुण्या-मुंबईत खरा आहे. पण डब्यासोबत आपण कंपनीचा निर्णयही विकत घेतो, आणि तो पुढे बदलू शकतो. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या घरगुती साठवण-डब्यांचे जगभरातले मालक सकाळी उठले तर आतला सगळा डेटा गेलेला. हल्लेखोरांनी इंटरनेटवरून डबे पुसले होते. कंपनीने त्या डब्यांची सुरक्षा-अद्यतने २०१५ मध्येच बंद केली होती. डबे चालत होते, म्हणून लोकांना पत्ता नव्हता. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०२२ मध्ये, इंटरनेटला उघडे ठेवलेल्या क्यूनॅपच्या डब्यांवर ‘डेडबोल्ट’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरने हल्ला करून फायली कुलूपबंद केल्या आणि खंडणी मागितली. एप्रिल २०२५ मध्ये सिनॉलॉजीने जाहीर केले की त्या वर्षीच्या ‘प्लस’ मालिकेतल्या नव्या डब्यांत कंपनीच्या किंवा तिने मान्य केलेल्याच डिस्क पूर्णपणे चालतील. ग्राहकांनी ओरड केली, ऑक्टोबरमध्ये कंपनीने बरेचसे पाऊल मागे घेतले. ग्राहक जिंकले हे चांगलेच झाले. पण मधल्या सहा महिन्यांत नवा डबा घेणाऱ्याला कोणती डिस्क चालेल हे दुकानदार किंवा बाजारभाव ठरवत नव्हता, डब्यातले सॉफ्टवेअर ठरवत होते.

झरीत हा मुद्दा दुप्पट टोचतो. कारण इथून यवतमाळ शंभरेक किलोमीटर आहे, आणि नागपूर गाठायचे तर पांढरकवड्याला जाऊन महामार्ग धरायचा. तयार डब्याचा पॉवर सप्लाय किंवा मदरबोर्ड गेला तर तो कुरिअरने सेवा केंद्राला पाठवायचा, वॉरंटी असेल तर बदलून येईल. वॉरंटी डब्याची असते, आतल्या डेटाची नव्हे. तोवर डिस्क घरात पडून असते. मग साहजिकच कुणीतरी ती काढतो आणि जवळच्या वणीतल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात नेतो. तिथला मुलगा ती यूएसबीच्या खोबणीत लावतो, विंडोजवर चौकट येऊ शकते: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? डिस्क शाबूत असते, तिच्यातली मांडणी तेवढी विंडोजला वाचता येत नाही. पण घाईत ‘हो’ दाबले की आजोबांचा दाखला आणि पोरीचे लग्न धोक्यात आलेच. यावर जाणकार म्हणतील, सिनॉलॉजीने स्वतःच अशा डिस्क उबुंटू लिनक्सवर कशा वाचायच्या ते सांगितले आहे. खरे आहे. मात्र ती रीत टर्मिनलवर आज्ञा टाइप करण्याची आहे, आणि ती ज्याला जमते तो माणूस बहुधा पुण्याला नोकरीला असतो.

इथे घरी जुळवणाऱ्या हौशी मंडळींनाही सोडून चालणार नाही. त्यांचा सर्व्हर पुष्कळदा तयार डब्याहूनही अवघड असतो. ट्रूनॅस ही साठवण-प्रणाली बसवायची, झेडएफएसमध्ये चार डिस्क गुंफायच्या, वर डझनभर कंटेनर चालवायचे. हे सगळे उत्तम तंत्रज्ञान आहे. झेडएफएस हे सन मायक्रोसिस्टिम्सने मोठ्या यंत्रणांसाठी घडवलेले आणि डेटा आतून सडला तर तो ओळखणारे साधन आहे. पण वणीच्या त्या दुकानात झेडएफएसची डिस्क लावली तरी विंडोजला ती वाचता येत नाहीच. म्हणजे कंपनीच्या जागी घरातला एक माणूस आला, एवढाच फरक. त्याची बदली झाली, त्याचे लग्न झाले, त्याला कंटाळा आला की सर्व्हर अनाथ. असेंबल्ड संगणक आपल्याकडे घरोघर पोचला तो कुठलाही भाग कुठल्याही दुकानात मिळायचा आणि कुणालाही बदलता यायचा म्हणून. हौशी लोकांनी नेमका हाच गुण साठवण सर्व्हरमधून काढून टाकला आहे. तो परत आणायचा तर डेबियनसारखे स्थिर लिनक्स, फोल्डर वायफायवर दाखवणारे साम्बा आणि विंडोजच्या एनटीएफएस मांडणीत फॉरमॅट केलेली एक नवी डिस्क पुरे. लिनक्स एनटीएफएस वाचते-लिहिते, आणि डिस्क काढून कुठल्याही विंडोज लॅपटॉपला लावली तर फोल्डर जसेच्या तसे दिसतात. लिनक्सचे जाणकार एनटीएफएसचे नाव ऐकून नाक मुरडतील. मुरडू द्या, डिस्क त्यांच्यासाठी नाही.

विजेचा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण तो आकड्यांत मांडता येतो. जुना डेस्कटॉप ६० वॅट खातो असे धरले तर दिवसरात्र चालून वर्षाला ५२५ युनिट होतात. तयार डबा १५ ते २० वॅटवर १३० ते १७५ युनिटांत भागवतो. युनिटला दहा रुपये धरले तर फरक वर्षाला साडेतीन-चार हजारांचा. दोन डिस्कचा साधा डबा आत डिस्क नसताना वीस हजारांच्या आसपास जातो, म्हणजे पाच-सहा वर्षांत ‘फुकटचा’ डेस्कटॉप त्याच्याएवढाच महाग पडला. हिशेब बरोबर आहे, पण घरचा सर्व्हर दिवसरात्र चालला पाहिजे हे गृहीत चुकीचे आहे. घरातले लोक संध्याकाळी एकत्र येतात. दोन तास चालवला तर तोच डेस्कटॉप वर्षाला ४४ युनिट घेतो. आणि डेस्कटॉपपेक्षाही जुना लॅपटॉप घ्यावा. तो पंधरा-वीस वॅटवर चालतो आणि बॅटरी त्याच्या पोटातच असते. लाइट जाणे हा आपल्याकडे अपवाद नाही, आणि लिहिता लिहिता वीज गेली की फाइलच काय, डिस्कची सगळी यादी बिघडू शकते. तयार डब्याला यासाठी वेगळा यूपीएस लागतो. लॅपटॉपची थकलेली बॅटरी अर्धा तास तग धरते, तेवढ्यात नीट बंद करता येते. यात एक बारीक मेख आहे. बाहेरची डिस्क अडीच इंची घ्यावी, जी यूएसबीवरच चालते. साडेतीन इंचीला स्वतंत्र अडॅप्टर लागतो. लाइट गेली की लॅपटॉप जिवंत राहतो आणि डिस्क मरते, मग बॅटरीचा उपयोग काय? बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र ती लगेच काढायची, तिथे काटकसर नको.

उन्हाळ्याचेही बघावे लागते. बॅकब्लेझ ही अमेरिकी साठवण कंपनी आपल्या लाखो डिस्कांच्या बिघाडाचे आकडे नियमित जाहीर करते. अलीकडच्या वर्षांत ते प्रमाण वर्षाला दीड टक्क्याच्या आसपास राहिले आहे. पण त्या डिस्क थंड हवेच्या दालनात असतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश, टिनाखाली त्याहून जास्त. माळ्यावर, टिनाखाली किंवा कूलरच्या ओल्या झोताखाली सर्व्हर ठेवू नये. मातीच्या भिंतीची थंड खोली सर्वांत बरी. मुकुटबनकडच्या सिमेंट कारखान्याच्या आणि कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यालगत घर असेल तर पंखा महिन्याकाठी साफ करावा. हे दोन्ही प्रकारच्या सर्व्हरला सारखेच लागू आहे; फरक असा की लॅपटॉपचा पंखा वणीत मिळतो.

तयार डब्याचे समर्थक शेवटी दोन डिस्कच्या आरशावर येतात: एक गेली तरी दुसरी आहे. दोन डिस्कवर एकाच वेळी एकच गोष्ट लिहिणारी ही सोय डिस्क बिघडण्यापासून वाचवते, बाकी कशापासूनही नाही. चुकून पुसलेली फाइल दोन्हीवरून एकदमच पुसली जाते. वीज पडली, घरात पाणी शिरले, चोरी झाली तर दोन्ही एकाच डब्यात असतात. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा एकाच इमारतीत ठेवलेल्या फायलींचे काय होते ते महाराष्ट्राने पाहिले. कागदच होते म्हणून झाले, असे म्हणावे तर संगणकात सगळ्यांत पुढे असलेल्या दक्षिण कोरियाचे उदाहरण आहे. २६ सप्टेंबर २०२५ ला डेजॉन इथल्या सरकारी माहिती केंद्राला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांची ‘जी-ड्राइव्ह’ ही ८५८ टीबीची सामायिक साठवण नष्ट झाली. तिची दुसरीकडे प्रत नव्हती. पीटर क्रॉघ या अमेरिकी छायाचित्रकाराने मांडलेला नियम आता जगभर मानतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. म्हणून पैसे दुसऱ्या खणावर घालण्याऐवजी दुसऱ्या सुट्या डिस्कवर घालावेत. ती दर महिन्याला सर्व्हरला जोडून नवी प्रत घ्यायची आणि पाटणला किंवा पांढरकवड्याला नातेवाइकाच्या कपाटात ठेवायची. तयार डब्याची किंमत वाचल्यावर ही डिस्क सहज परवडते, आणि माझ्या मते घरी जुळवण्याच्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा हाच आहे.

सुरक्षेची भीती रास्त आहे. जुना लॅपटॉप, घरी बसवलेले लिनक्स, कुणी घुसले तर? पण २०२१ आणि २०२२ चे दोन्ही मोठे फटके इंटरनेटला उघड्या ठेवलेल्या तयार डब्यांना बसले. घरचा सर्व्हर घरच्या वायफायपुरताच ठेवला, बाहेरून पाहण्याची सोय सोडून दिली, राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला आणि डेबियनची मोफत अद्यतने घेत राहिले तर मोठा धोका टळतो. पुण्याच्या मुलाला गावचे फोटो तिथून बघता येणार नाहीत, हे खरे; तो दिवाळीला आला की डिस्कवर घेऊन जाईल. त्याच्याकडची ती आपोआप एक प्रत झाली.

राहिला सांभाळणाऱ्याचा प्रश्न. लिनक्स एकदा बसवून देणारा कुणीतरी लागतोच, आणि तयार डब्याचे फोटो दाखवणारे सुंदर ॲप इथे मिळत नाही. इमिचसारखी मोफत पर्यायी साधने आहेत, पण ती पुन्हा देखभाल मागतात. तो मोह आवरावा. फोटो वर्षानुसार आणि प्रसंगानुसार फोल्डरमध्ये ठेवले की आजीलाही सापडतात. सर्व्हरवर एक मराठीत लिहिलेला कागद चिकटवावा: कागद कुठल्या फोल्डरमध्ये, दुसरी डिस्क कुणाकडे, पासवर्ड कुठल्या वहीत, बंद कसे करायचे. स्टुडिओवाल्याचे मात्र वेगळे. तीन जण एकाच वेळी व्हिडिओ कापत असतील आणि दिवसभराचे काम अडले तर गिऱ्हाईक ओरडत असेल, तर तयार डबा घेणे हा धंद्याचा खर्च आहे. शाळेतही शिक्षक बदलत राहतात, तिथे वॉरंटीचे बिल असलेली वस्तू बरी. घरासाठी मला हा अपवाद पटत नाही.

तेव्हा दुकानात जा किंवा घरी बसवून घ्या, पैसे देण्याआधी एक परीक्षा घ्या. सर्व्हरमध्ये दहा फोटो टाकायला सांगा, तो बंद करायला लावा, डिस्क काढा आणि शेजारच्या कुणाच्याही विंडोज लॅपटॉपला जोडा. दहाही फोटो उघडले तर घ्या. विंडोजने फॉरमॅटचा प्रश्न विचारला तर ‘नाही’ दाबा आणि दुसरा पर्याय बघा.